पिसवा कुत्र्यावर कमी, सोप्यात जास्त

मृगाचा पाऊस पडून महिना होतो न होतो तोच पेठ वडगावात आणि आसपासच्या खेड्यांत कुत्री-मांजरं पाळणाऱ्या घरांतून एकच रड ऐकू येते : "कुत्र्याला औषध लावलं, दोनदा धुतलं, घरभर फवारलं, तरी पिसवा हायत त्या हायतच." मग औषधवाल्याला नावं ठेवली जातात, औषध बदललं जातं आणि शेवटी कुत्र्याची रवानगी परड्यात नाहीतर रानातल्या वस्तीवर होते. खरं तर बहुतेक वेळा औषध बरोबरच असतं. गणित चुकतं ते दोन ठिकाणी. औषध फक्त जनावराला लागतं, घराला नाही. आणि पिसवांची दुसरी फळी ज्या सुमाराला बाहेर पडते, नेमक्या त्याच सुमाराला माणसं कंटाळून हात टेकतात.

वडगावसारख्या गावात हा त्रास जरा जास्तच व्हायचा, याला कारणं आहेत. हे वारणेच्या खोऱ्यातलं बाजाराचं गाव. जनावरांचा बाजार इथला जुना. पंचक्रोशीतली जनावरं एका जागी उभी राहतात आणि संध्याकाळी दहा गावांच्या दहा गोठ्यांत जातात. घराघरांत पाहिलं तर म्हशीच्या शेजारी दोन शेळ्या, राखणीला कुत्रं आणि उंदरांसाठी मांजर. म्हशीच्या अंगावर पिसवा फारशा रमत नाहीत, तिला गोचिडांचा आणि उवांचा त्रास. पण शेळीवर त्या झकास पोसल्या जातात. बाजारातून आणलेली शेळी थेट जुन्या शेळ्यांत सोडली, की पिसवा फुकटात घरी आल्याच म्हणून समजा. नवी शेळी आठ-दहा दिवस वेगळी बांधून, तपासून, मगच कळपात घ्यावी. त्यात आपल्याकडचा पावसाळा. पिसूच्या अळीला ऊब लागते आणि हवेत दमटपणा लागतो. जूनपासून दसऱ्यापर्यंत दोन्ही मुबलक.

जुन्या घरातला सोपा, कोनाडे, लाकडी जिना आणि सारवलेली जमीन हे पिसवांचं माहेर, अशी समजूत आहे. ती निम्मीच खरी. नव्या बंगल्यात चकचकीत फरशी असते, पण सोफ्याच्या खाचा, जिन्याखालची अडगळ, पायपुसणी आणि दारासमोर बांधकामासाठी टाकलेला वाळूचा ढीग हेही असतंच. सावलीतली कोरडी वाळू आणि तिच्यात रोज दुपारी पसरलेलं गल्लीतलं कुत्रं, एवढं पिसवांना पुरेसं आहे.

आधी नक्की करा की त्या पिसवाच आहेत. आपल्याकडे अंगावरच्या झाडून सगळ्या किड्यांना 'गोचीड' म्हणून मोकळं होण्याची पद्धत आहे. गोचीड कातडीला चिकटून बसते, रक्त पिऊन फुगते, ओढली तरी सहज सुटत नाही. मोठ्या गोचिडीला आठ पाय असतात. ती कानात, बोटांच्या बेचक्यांत, मानेखाली सापडते. पिसू तपकिरी, दोन-तीन मिलिमीटरची, दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखी चपटी असते, त्यामुळे केसांतून सरसर पळते. तिला सहा पाय, आणि मागच्या पायांवर ती वीतभर उडी सहज मारते. माणसाला ती बहुतेक घोट्याच्या आसपास चावते याचं कारण हेच. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण गोचिडांमधून कुत्र्याला बाबेसिया, एर्लिकियासारखे ताप होतात. त्यांचा इलाज वेगळा आणि तातडीचा. कुत्रं खाईना, ताप आहे, लघवी गडद होतेय, हिरड्या पांढुरक्या दिसतायत, तर हा लेख बाजूला ठेवा आणि दवाखाना गाठा.

पिसू स्वतः दिसली नाही तरी तिची विष्ठा सापडते. एक पांढरा कागद पाण्यानं ओला करून जमिनीवर पसरा. कुत्र्याला त्यावर उभं करा आणि उवा-लिखा काढायच्या बारीक दातांच्या फणीनं शेपटीच्या मुळापासून कमरेपर्यंतचे केस उलटे विंचरा. कागदावर काळे बारीक कण पडतील. पावसाळ्यात मातीचेही कण पडतात, म्हणून घाई करू नका, मिनिटभर थांबा. माती असेल तर काळीच राहते. पिसूची विष्ठा असेल तर प्रत्येक कणाभोवती तांबूस डाग पसरत जातो, कारण ते जनावराचंच न पचलेलं, सुकलेलं रक्त असतं. असे दोन-चार डाग दिसले तरी पुरे. मांजराच्या बाबतीत हीच परीक्षा सर्वांत भरवशाची, कारण मांजर दिवसभर स्वतःला चाटून पिसवा गिळून टाकतं आणि मालक म्हणतो, आमच्या मांजरावर एकही नाही.

घराची परीक्षाही अशीच सोपी आहे. पांढरे मोजे गुडघ्यापर्यंत ओढून घ्या आणि जनावर जिथं झोपतं तिथं, जिन्याखाली, पलंगाच्या कडेनं, गोठ्याच्या दारात पाय घासत सावकाश फिरा. पिसवा असतील तर मोज्यावर काळे ठिपके चढताना दिसतील. रात्री जमिनीवर दिव्याखाली साबणाच्या पाण्याची पसरट ताटली ठेवली तर सकाळी तीत पिसवा बुडालेल्या सापडतात. समाजमाध्यमांवर हा 'रामबाण उपाय' म्हणून फिरतो. तो उपाय नव्हे, मोजमाप आहे. कुठल्या खोलीत किती आहेत आणि आठवड्यागणिक कमी होतायत की नाही, हे कळायला ताटली उत्तम. तेवढ्यानं पिसवा संपत नाहीत.

शंभरातल्या पंच्याण्णव

आता मुद्द्याचं. मादी पिसू एकदा जनावरावर चढून रक्त प्यायली, की एक-दोन दिवसांत अंडी घालू लागते. भरात असताना दिवसाला चाळीस-पन्नास. अंडी पांढरी, गुळगुळीत असतात. उवेच्या लिखांसारखी ती केसांना चिकटत नाहीत, घरंगळून खाली पडतात. कुत्रं अंग झाडतं, सोप्यातून माजघरात जातं, सोफ्यावर उडी मारतं आणि जाईल तिथं ती पेरत जातं. दहा माद्या असतील तर दिवसाला चारशे अंडी.

त्यांतून बाहेर पडणारी अळी उजेडाला भिते. ती फटीत, चटईखाली, गोणपाटाच्या विणीत शिरते. तिचं मुख्य खाणं म्हणजे वरून गळणारी तीच काळी विष्ठा. म्हणजे आई रक्त पिते आणि पिल्लांसाठी वाळवून खाली टाकते. निसर्गानं केलेली ही सोय पाहून कौतुक वाटावं, पण आपल्या घरात नको. अळी मोठी झाली की रेशमासारखा चिकट कोष विणते. त्या कोषाला धूळ, केस, मातीचे कण चिकटतात आणि तो नजरेला दिसेनासा होतो. उन्हाळी-पावसाळी हवेत अंड्यापासून पूर्ण पिसू व्हायला तीन-चार आठवडे पुरतात.

पण कोषातली पिसू लगेच बाहेर येईलच असं नाही. बाहेर खायला कोणी नाही असं दिसलं तर ती आत कित्येक आठवडे, कधी काही महिनेसुद्धा थांबते. जमीन हादरली, ऊब लागली, श्वासातला कार्बन डायऑक्साइड पोचला, की क्षणात बाहेर. दिवाळीची सुट्टी काढून, घर बंद ठेवून गावाला गेलेली माणसं परत येऊन दार उघडतात आणि पायांवर पिसवा तुटून पडतात, त्याचं कारण हे. घर रिकामं ठेवलं तर पिसवा उपाशी मरतील, हा हिशेब म्हणूनच फसतो. आणि कुत्र्याला रानात धाडलं तर घरातल्या कोषांतून निघालेल्या पिसवांना माणूस एवढंच खाणं उरतं.

एका घरातल्या पिसवांची सगळी संख्या धरली तर जनावराच्या अंगावर असलेल्या मोठ्या पिसवा साधारण शंभरात पाच. उरलेल्या पंच्याण्णव अंडी, अळी आणि कोष या रूपांत घरात आणि अंगणात असतात. फक्त कुत्र्याला धूत बसणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

त्यातही कोष सगळ्यात चिवट. घरात वापरायच्या फवारणीनं मोठ्या पिसवा मरतात, अळ्या मरतात; कोषातली पिसू बहुतेक सुखरूप राहते. ही एक गोष्ट समजली की बाकीचं वेळापत्रक आपोआप समजतं.

जनावरांपासून सुरुवात, पण सगळ्या

घरातलं प्रत्येक कुत्रं, प्रत्येक मांजर आणि शेळ्या, यांना एकाच दिवशी औषध. एकाला आज, दुसऱ्याला पुढच्या महिन्यात, असं केलं की पिसवा फक्त जागा बदलतात.

कुत्र्या-मांजरांसाठी मानेवर टाकायचे थेंब मिळतात. फिप्रोनिल, इमिडाक्लोप्रिड, सेलामेक्टिन ही त्यांतली नेहमीची नावं. थेंब केसांवर नव्हे, कातडीवर पडले पाहिजेत. दोन्ही खांद्यांच्या मध्ये, मानेच्या बुडाशी, जिथं जनावराची जीभ पोचत नाही, तिथं केस फाकवून टाका. आधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस अंघोळ नाही. आपल्याकडे नेमकं उलटं होतं : औषध लावायचं म्हणून आधी साबणानं खसाखसा धुतात आणि दुसऱ्या दिवशी 'औषधाचा वास येतोय' म्हणून परत धुतात. थेंब ज्या तेलाच्या थरातून अंगभर पसरतात तो थरच निघून जातो आणि मग औषध लागू पडत नाही.

कुत्र्यांसाठी चघळायच्या गोळ्याही आहेत. फ्लुरालेनरची एक गोळी सुमारे बारा आठवडे काम करते, अफोक्सोलेनरची महिनाभर. ज्या घरात कुत्रं दिवसातून दोनदा ओढ्यात डुंबून येतं तिथं गोळी बरी पडते. कुत्र्याला पूर्वी आकडी आली असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा, कारण या गटातल्या औषधांनी काही कुत्र्यांना झटके येऊ शकतात. डोस वजनावर ठरतो. मोठ्या कुत्र्याची ट्यूब आणून ती दोन पिल्लांत वाटणं ही काटकसर नव्हे. दोन महिन्यांच्या आतल्या पिल्लाला, गाभण किंवा पाजणाऱ्या मादीला डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही लावू नका. लहान पिल्लासाठी फणी आणि कोमट पाणी यांच्यावरच भर द्यावा लागतो. पण फणी रोज फिरली पाहिजे, कारण पिसवांनी रक्त शोषून पिल्लं खरोखर मरतात. शेळीच्या करडांचंही तसंच. करडाच्या पापणीचा आतला भाग ओढून पाहा. गुलाबी हवा, पांढरा दिसला तर वेळ घालवू नका.

शेळ्यांचं औषध वेगळं, त्याचं प्रमाण वेगळं आणि दूध-मटणाच्या दृष्टीनं किती दिवस थांबायचं हेही वेगळं. ते सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातूनच घ्या. पशुधनासाठी 1962 हा टोल फ्री क्रमांकही आहे.

अंघोळ घालायचीच असेल तर एक युक्ती लक्षात ठेवा. अंग ओलं होऊ लागलं की पिसवा डोक्याकडे पळतात, कानांत आणि डोळ्यांभोवती जमतात. म्हणून आधी मानेभोवती फेसाचं जाड कडं करा आणि मग मागचं अंग भिजवा. फणीत आलेल्या पिसवा नखानं चिरडत बसू नका. शेजारी साबणाच्या पाण्याचा तांब्या ठेवा आणि फणी त्यात बुडवा. साध्या पाण्यात त्या लवकर मरत नाहीत.

झाडू, उकळतं पाणी आणि कंटाळा

ज्या दिवशी जनावरांना औषध, त्याच दिवशी घर. जनावराच्या अंथरुणापासून सुरुवात करा. ते जुनं पोतं असेल तर सरळ जाळून टाका, नवं घ्या. पोत्याचा मोह कशाला? वाकळ, चादरी, सोफ्याची कव्हरं, पायपुसणी कढत पाण्यात, साबण घालून. साठ अंशांचं पाणी लागतं, म्हणजे हात घालवणार नाही एवढं. अंघोळीच्या बंबात किंवा चुलीवरच्या हंड्यात ते सहज होतं. कपडे उचलताना घडी आतल्या बाजूला करून उचला, वाटेत झटकू नका. नाहीतर अंडी हॉलभर सांडतील. दर आठवड्याला हे करायचं. पावसाळ्यात ऊन नसतं, तेव्हा सुकलेल्या चादरीवर कडक इस्त्री फिरवली तरी चालते. एप्रिल-मे असेल तर प्रश्नच नाही. स्लॅबवर दिवसभर टाकलेल्या गादीत अळी टिकत नाही. तिला कोरडेपणा आणि पस्तीस अंशांवरची उष्णता सोसवत नाही.

व्हॅक्यूम क्लीनर असेल तर तो या लढाईतलं मोठं हत्यार आहे. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठातल्या कीटकशास्त्रज्ञांनी 2007 मध्ये दाखवून दिलं, की व्हॅक्यूममध्ये ओढल्या गेलेल्या मोठ्या पिसवांपैकी 96 टक्के मरतात आणि अळ्या व कोष तर सगळेच. शिवाय त्याच्या हादऱ्यानं कोषात दबा धरून बसलेल्या पिसवा बाहेर येतात आणि औषधाच्या तावडीत सापडतात. व्हॅक्यूम नसेल तर खराट्यानं भिंतीची कड, पलंगाखालची जागा, उंबऱ्याची खाच, जिन्याच्या पायऱ्यांचे कोपरे रोज झाडा. केर घराबाहेर नेऊन जाळा किंवा पिशवीत गच्च बांधून घंटागाडीत टाका. केरसुणी दारामागे उभी करण्याआधी तीसुद्धा कढत पाण्यात बुडवा. हे कोणी करत नाही.

सारवलेल्या जमिनीवर वरूनच नवं सारवण घातलं तर फटींतले कोष बुजतीलच याचा भरवसा नाही. आधी पोपडे खरवडा, ती धूळ गोळा करून जाळा, फटी बुजवा, मग सारवा. शहाबादी फरशीचे सांधे उघडे पडले असतील तर सिमेंटनं भरून घ्या. एकदाच पैसे जातील, पण पिसवांबरोबर मुंग्या आणि झुरळंही कमी होतील. गोठ्यात शेळ्यांच्या खालची लेंडी-पिंजर रोज काढून उकिरड्यात लांब टाका. कडब्याच्या गंजीच्या बुडाशी कुत्र्याला झोपू देऊ नका. अंगणात सगळीकडे फवारत सुटायची गरज नाही. उघड्या उन्हातल्या मातीत अळी जगत नाही. जनावर दुपारी जिथं सावलीला बसतं तेवढीच जागा महत्त्वाची.

फवारणी लागेल का? थोड्या पिसवा असतील तर बऱ्याचदा नाही. जनावरांचं औषध आणि रोजची झाडलोट एवढ्यावर भागतं. पिसवा फारच असतील तर पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवा, पण त्याला दोन प्रश्न विचारा : मोठ्या पिसवा मारणाऱ्या औषधाबरोबर अंडी-अळ्यांची वाढ रोखणारं औषध आहे का, आणि दोन आठवड्यांनी परत याल का? मेथोप्रिन, पायरिप्रॉक्सिफेन ही वाढ रोखणाऱ्या औषधांची नावं. फवारणीच्या वेळी मुलं, जनावरं बाहेर, पिण्याचं पाणी झाकलेलं, माशांची टाकी असेल तर दुसऱ्या घरी. फरशी पूर्ण सुकेपर्यंत कोणीही आत यायचं नाही.

नका करू

इथं मी जरा कडक बोलणार आहे, कारण पिसवांनी मेलेल्या जनावरांइतकीच पिसवांच्या 'इलाजानं' मेलेली जनावरं असतील.

पहिली गोष्ट मांजराची. कुत्र्यासाठीच्या कित्येक थेंबांत आणि पावडरींत परमेथ्रिन असतं. कुत्र्याला ते सोसतं, मांजराच्या यकृताला ते मोडता येत नाही. कुत्र्याची ट्यूब मांजराला लावली तर काही तासांत लाळ गळते, कातडी थडथडते, झटके येतात आणि मांजर जातं. असं झालंच तर कोमट पाण्यात भांड्यांचा साबण वापरून लगेच धुवा, पुसा, गुंडाळा आणि दवाखाना गाठा. वाट पाहू नका. कुत्र्याला असे थेंब लावले असतील तर ते वाळेपर्यंत मांजराला त्याच्याजवळ झोपू देऊ नका. म्हशीच्या गोचिडांसाठी पाण्यात मिसळून लावायचं औषध 'थोडंसंच' म्हणून मांजराला चोळणंही तसंच. घरात ससा असेल तर फिप्रोनिल त्याच्या वाऱ्यालाही नको.

दुसरी गोष्ट शेतातल्या औषधांची. उसासाठी आणलेली बाटली गोठ्यात असते, पाठीवरचा पंप असतो, मग माणूस पंप खांद्याला लावून सोप्यात शिरतो. पिकावरची औषधं उघड्या रानासाठी असतात. बंद खोलीत, जिथं रांगणारं मूल जमिनीवर हात टेकून तो तोंडात घालतं, तिथं ती वापरायची नाहीत, मग कृषी सेवा केंद्रात कोणी काहीही सांगो. जुन्या माणसांच्या तोंडी असलेली गॅमेक्सिन पावडर म्हणजे बीएचसी. देशात तिच्यावर 1997 पासून बंदी आहे. तशा नावानं कोणी पुडी देऊ केली तर घेऊ नका.

तंबाखूचं पाणी हा आपल्या भागातला खास प्रकार. निपाणी-कागलचा तंबाखू जवळ, त्यामुळे तंबाखू उकळून ते पाणी जनावराला चोळायची पद्धत अजून आहे. तंबाखूतलं निकोटिन कीटक मारतं हे खरं, पण ते कातडीतून आत जातं आणि जनावर स्वतःला चाटतंच. रॉकेलनं कातडी भाजते. फिनेल आणि पाण्यात टाकल्यावर दुधाळ होणारं जंतुनाशक मांजराला विषारी. फरशी त्यानं पुसली तर वाळेपर्यंत मांजर बाहेर ठेवा. डांबराच्या गोळ्या अंथरुणात नकोत. लसूण खाऊ घातल्यानं पिसवा जात नाहीत, कुत्र्या-मांजरांच्या तांबड्या पेशी मात्र फुटतात. निलगिरीचं तेल माणसाच्या सर्दीला ठीक, मांजराच्या अंगाला नाही.

कडुनिंबाच्या पाल्याची धुरी? डासांना थोडी पांगवते, कोषातल्या पिसूला काहीही करत नाही. समाधानासाठी करायची तर करा, पण त्या दिवशीची झाडलोट चुकवू नका.

दहाव्या दिवशी काय होतं

पहिल्या दिवशी औषध आणि सफाई झाली. दोन-तीन दिवस घर शांत. मग आठव्या-दहाव्या दिवशी पायांवर पुन्हा पिसवा. इथंच 'औषध फसलं' असा निकाल लागतो आणि सगळं सोडून दिलं जातं. फसलेलं काही नसतं. महिनाभरापूर्वी पडलेल्या अंड्यांच्या अळ्या झाल्या, अळ्यांचे कोष झाले आणि त्यांतून आता नव्या पिसवा निघतायत. त्या कुत्र्यावर उडी मारतील आणि औषध अंगात किंवा अंगावर असेल तर अंडी घालण्याआधीच मरतील. म्हणजे औषध लावलेलं कुत्रं हाच तुमचा सापळा. म्हणून या काळात कुत्र्याला घराबाहेर काढायचं नाही, उलट घरातच वावरू द्यायचं. ऐकायला विचित्र वाटेल, पण ज्यांनी कुत्र्याला वस्तीवर धाडलं त्यांच्या घरात पिसवा जास्त दिवस राहतात.

पुढचे तीन महिने तीन गोष्टी न चुकता : जनावरांचं औषध ठरल्या तारखेला, अंथरुणं आठवड्याला कढत पाण्यात, झाडलोट पहिले दोन-तीन आठवडे रोज आणि पुढं एक दिवसाआड. औषधाची तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहून ठेवा. दुधाच्या हिशेबाशेजारी लिहिली तर विसरणार नाही. मोज्यांची परीक्षा दर पंधरवड्याला करा. तीन महिन्यांनंतरही मोज्यावर पिसवा चढत असतील तर औषध बदलण्याआधी पाहा, की कोणतं तरी जनावर सुटलं आहे का. बहुतेक वेळा ते माळ्यावर येणारं शेजारच्याचं मांजर असतं.

माणसांचं काय

पिसू चावलेल्या जागी तांबडे, खाजरे फोड उठतात. घोट्याभोवती तीन-चार शेजारीशेजारी. कॅलामाइन लावा, थंड पाण्याची पट्टी ठेवा, खाजवून जखम करू नका. लहान मुलांनी कुत्र्याशी खेळताना पिसू चुकून गिळली तर पोटात पट्टकृमी होऊ शकतो. कुत्र्याच्या शेपटीखाली किंवा मुलाच्या शौचात तांदळाच्या दाण्यासारखे पांढरे तुकडे दिसले तर दोघांनाही आपापल्या डॉक्टरांकडे न्या, आणि कुत्र्याला जंताचं औषध देताना पिसवांचंही द्या. नुसतं जंताचं दिलं तर महिन्याभरात परत तेच. काही कुत्र्यांना पिसूच्या लाळेची ॲलर्जी असते. एखाद-दुसरी चावली तरी शेपटीच्या मुळाशी केस झडतात, कातडी जाड आणि काळी पडते. अशा कुत्र्याला 'खरूज झाली' म्हणून खरजेची मलमं लावत वर्षं घालवणारे मालक आहेत.

उंदरांबद्दलही सांगायला हवं. ऊसतोड सुरू झाली की रानातले उंदीर वस्तीकडे सरकतात आणि त्यांच्या पिसवा वेगळ्या असतात. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला, तो उंदरांच्या पिसवांमधून माणसांत येतो हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं 1898 मध्ये कराचीत दाखवलं. ही फार जुनी गोष्ट वाटत असेल तर बीड जिल्ह्यातलं मामला गाव आठवा. 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर वर्षही झालं नव्हतं. ऑगस्ट 1994 मध्ये तिथं आधी पिसवांचा उपद्रव वाढला, मग उंदीर पडू लागले आणि सप्टेंबरात गाठीच्या प्लेगचे संशयित रुग्ण सापडले. आज घाबरायचं कारण नाही, कुत्र्या-मांजराची पिसू म्हणजे प्लेग नव्हे. पण त्यातून एक व्यवहाराचा नियम मिळतो : घरात उंदीर आणि पिसवा दोन्ही असतील तर आधी पिसवांचा बंदोबस्त करा, मग उंदरांचा. उंदीर मेला की त्याच्या पिसवा गरम अंग शोधत निघतात. आणि उंदीर एकाएकी, कारण नसताना मरून पडताना दिसले तर हात न लावता प्राथमिक आरोग्य केंद्रात कळवा. उंदरांचं विष टाकायचं झालं तर कुत्र्या-मांजराच्या तोंडी जाणार नाही अशा ठिकाणीच.

शेवटी गल्लीची गोष्ट. वडगावच्या पेठेत भिंतीला भिंत लागून घरं आहेत. एका घरानं तीन महिने नेटानं सगळं केलं आणि शेजारच्या घरातली दोन मांजरं तशीच राहिली, तर पिसवा परत येणारच. पुढच्या वर्षी मृगाच्या आधी, मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, गल्लीतल्या घरांनी मिळून एक रविवार ठरवा. सगळ्या कुत्र्या-मांजरांना आणि शेळ्यांना त्याच दिवशी औषध, सगळ्या वाकळा त्याच दिवशी बाहेर. गल्लीत जी दोन-तीन भटकी कुत्री रोज भाकरीला येतात, त्यांच्या औषधाचा खर्च वर्गणी काढून करा. त्यांना भाकरीत गोळी देता येते, आणि कुठली गोळी, किती, हे गल्लीतल्या कोणीतरी एकानं आधी जाऊन डॉक्टरांना विचारून ठेवा.